कॅलिफोर्नियात सुपरवाइज्ड व्हिजिटेशनचं काम करायचंय, ट्रेनिंग कसं असतं आणि मराठी येण्याचा काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एमएसडब्ल्यू झालंय, फॅमिली कोर्टात समुपदेशकांच्या हाताखाली इंटर्नशिप केलीये, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे सॅन होजेला आलात आणि कोर्टाने लावून दिलेल्या पालक-मुलांच्या भेटींवर देखरेख करायचं काम करावंसं वाटतंय, पण ट्रेनिंग किती आणि एकटीला झेपेल का ते कळत नाहीये. मी बे एरियात सहा वर्षं हेच करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक विचारते, तुमचा व्हिसा एच-४ (नोकरीवर आलेल्या जोडीदाराबरोबर मिळणारा) आहे का? असेल तर ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात येईपर्यंत पैसे घेऊन हे काम करू नका. इथे देखरेख करणारे दोन प्रकारचे, पैसे घेणारे किंवा अशा भेटी चालवणाऱ्या सेंटरमार्फत काम करणारे (इंटर्न, फुकट करणारे स्वयंसेवकसुद्धा) ते प्रोफेशनल आणि पैसे न घेता स्वतःच करणारे ते नॉनप्रोफेशनल, म्हणजे बहुतेक वेळा घरातलं नाहीतर ओळखीतलं कुणीतरी. ट्रेनिंगची सक्ती प्रोफेशनलला आहे. फुकट करीन म्हणत असाल तरी व्हिसाचं एकदा वकिलाला विचारून घ्या.

आता ट्रेनिंग. कॅलिफोर्नियाच्या फॅमिली कोडचं (कौटुंबिक कायद्याचं) कलम ३२००.५ आणि राज्याच्या कोर्टांचं स्टँडर्ड ५.२० ही दोन आधी वाचून काढा, सगळं त्यातच आहे. वय किमान २१, ट्रेनिंग २४ तासांचं आणि त्यातले कमीत कमी १२ तास वर्गातलं शिक्षण. विषय म्हणजे मुलांच्या वाढीचे टप्पे, घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार, व्यसनं, रेकॉर्ड कसं ठेवायचं, भेट कधी थांबवायची, अत्याचाराचा संशय आला तर कळवायचं कुणाला (आपण मँडेटेड रिपोर्टर असतो, संशय आला की कळवणं बंधनकारक, आधी वरिष्ठांना विचारते वगैरे चालत नाही). मग लाइव्ह स्कॅनवर बोटांचे ठसे द्यायचे, ट्रस्टलाइनवर (मुलं सांभाळणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासून ठेवलेली राज्याची यादी) नोंदणी करायची, आणि मी या सगळ्यात बसते असं लिहून एफएल-३२४ (पी) फॉर्म कोर्टात द्यायचा. मुलाला आपल्या गाडीतून नेणार असाल तर गाडीच्या इन्शुरन्सचा पुरावा लागतो. कागदपत्रांना वेळ जातो पण ती होतात, त्याचं टेन्शन घेऊ नका.

मराठीचं म्हणाल तर खूप उपयोग होतो. नियमच असा आहे की भेटायला आलेला पालक आणि मूल पूर्ण वेळ आपल्या नजरेसमोर हवेत, बोलतील ते आपल्याला ऐकू यायला हवं आणि ते बोलतात ती भाषा आपल्याला यायला हवी, नाहीतर १८ वर्षांवरचा तटस्थ दुभाषी आणायचा. मराठी दुभाषी शनिवारी दुपारी दोन तासांसाठी कुठून मिळणार, मग पालकाला सांगतात की इंग्लिशमध्येच बोला. मी एक भेट अशी पाहिलीये (तपशील थोडे बदलून सांगते), साडेचार वर्षांची मुलगी, घरात सगळं मराठी, आणि बाबा तिच्याशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसं इंग्लिश बोलतायत, मुलगी नुसती बघतेय. पुढच्या आठवड्यापासून ती केस माझ्याकडे आली. बाबा आत आले, म्हणाले "काय गं चिमणे, जेवलीस का?" आणि ती जी चालू झाली ती दोन तास थांबली नाही.

पण भाषा येते म्हटल्यावर जबाबदारीही येते. त्याच भेटीत बाबांनी स्टीलच्या डब्यातून शंकरपाळ्या काढल्या आणि देता देता म्हणाले, "आईला सांगू नकोस हं." आपल्याकडे हे प्रत्येक घरात आजोबा म्हणतात, मामा म्हणतो, कुणाला त्यात काही वाटत नाही. इथे ते चालत नाही, कारण मुलाच्या डोक्यावर गुपित ठेवायचं नाही, आणि मुलाच्या हातून इकडचा निरोप तिकडे, तिकडची बातमी इकडे असंही होऊ द्यायचं नाही. मी खुर्ची थोडी जवळ घेतली आणि साध्या आवाजात मुलीला म्हटलं, सांगितलंस तरी चालेल हं, शंकरपाळ्या छान आहेत. बाबांशी नंतर, ती बाहेर गेल्यावर बोलले. मग आलं "कानात सांगते". आपल्या मुलांना कानगोष्टी किती आवडतात, पण आपल्याला ऐकू न येणारं काही बोलायचं नाही आणि लैंगिक अत्याचाराचा आरोप असलेल्या केसमध्ये तर कुजबुज, चिठ्ठ्या, हातवारे यांना स्पष्ट बंदी आहे. तिला सांगितलं की ही आपली मोठ्याने बोलायची खोली आहे, तिने मान डोलावली आणि बाबांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने ओरडली. ओरडण्याला काही बंदी नाही.

खरं अवघड आहे ते लिहिणं, आणि तिथे एमएसडब्ल्यू केलेल्यांचीच जास्त गडबड होते, माझीही झाली. आपल्याला केस हिस्टरी लिहायची सवय, त्यात शेवटी आपलं मत येतंच. पुण्यातले समुपदेशक दोघांशी बोलतात, समेट होतो का बघतात, इथे ते आपलं काम नाही. इथल्या रिपोर्टमध्ये फक्त घडलेलं, पाहिलेलं आणि जे बोललं गेलं ते, मत नाही, शिफारस नाही, कोर्टाने मागितली असेल तरच. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं होतं "वडील चिडले आणि मुलगी घाबरली." सुपरवायझरने दोन्ही शब्दांखाली रेघ मारून कागद परत दिला, म्हणाली तू काय पाहिलंस ते लिही. परत लिहिलं ते असं, ४.२० वाजता वडिलांनी डबा टेबलावर आपटला, "परत तेच" असं मोठ्याने म्हणाले, मुलीने दोन्ही हातांनी कान झाकले, मी भेट पाच मिनिटं थांबवली, ४.२५ ला पुन्हा सुरू केली. वाचताना हे कोरडं वाटतं पण न्यायाधीशाला याचाच उपयोग, आणि वडिलांवरही यात अन्याय नाही. आपल्या एका विशेषणावर कुणाचं मूल दूर जाऊ शकतं हे रिपोर्ट लिहिताना प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात असतं. आणि पालक आपल्याशी जे बोलतात ते वकिलाशी बोलल्यासारखं गुप्त राहत नाही, कोर्ट मागू शकतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, एकटीला झेपेल का. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात एकटीने करू नका. २४ तासांत नियम कळतात, पण भेट संपली, मूल "बाबा चला ना घरी" म्हणत दारापर्यंत रडत गेलं, आपण चेहरा सरळ ठेवून उभ्या राहिलो, आणि मग गाडीत बसल्यावर जे होतं ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. मी सेंटर सोडून स्वतंत्र काम सुरू केलं तेव्हा वर्षभर कुणाशी बोलायलाच नव्हतं, केसबद्दल घरी बोलायची सोय नाही, नवऱ्यालाही नाही, आणि मला कळायच्या आत मी एका आईच्या बाजूने झुकायला लागले होते. तिचं वागणं चांगलं होतं, दर वेळी माझ्यासाठी चहा आणायची, आणि तिला भेटीला दहा मिनिटं उशीर झाला ते मी रिपोर्टमध्ये लिहिलंच नाही. ते माझ्याकडून व्हायला नको होतं. कुणी रिपोर्ट तपासणारं असतं तर पहिल्याच वेळी पकडलं असतं. आता आम्ही तिघीजणी एकमेकींचे रिपोर्ट वाचतो, नावं झाकून, आणि अवघड भेटीनंतर त्याच संध्याकाळी फोन करतो. चहा आता मी कुणाकडूनच घेत नाही.

म्हणून सेंटरला भेटायला जाल तेव्हा पगार विचारायच्या आधी हे विचारा की पहिल्या किती भेटी मी कुणाबरोबर बसून बघणार, माझा रिपोर्ट कोण वाचणार, भेट मध्येच थांबवावी लागली तर त्या वेळी सेंटरमध्ये दुसरं कोण असणार, आणि आई-बाबांच्या येण्याजाण्याच्या वेळा आणि दारं वेगळी आहेत का, कारण हिंसेच्या केसमध्ये पार्किंग लॉटमध्येच गाठ पडते. उत्तरं गोलमोल आली तर तिथे जाऊ नका, दुसरं सेंटर शोधा. सुपरव्हाइज्ड व्हिजिटेशन नेटवर्क म्हणून १९९२ पासूनची संघटना आहे, त्यांचे स्वतःचे स्टँडर्ड्स आहेत, तेही वाचा, राज्याच्या नियमांत नसलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात कळतात.

पैशाचंही सांगून ठेवते. १९९६ च्या कायद्याखाली केंद्राकडून व्हिजिटेशनसाठी अख्ख्या देशाला मिळून वर्षाला साधारण १ कोटी डॉलर मिळतात, तेवढ्यात पन्नास राज्यं, म्हणून बऱ्याच ठिकाणी भेटीची फी पालकांनाच भरावी लागते. तासाचे पैसे नाहीत म्हणून बाप महिनाभर आला नाही असं मी पाहिलंय आणि मुलाला वाटत राहिलं की बाबांना यायचंच नाही. तुम्ही सेंटर निवडाल तेव्हा ते मिळकतीप्रमाणे फी कमी करतात का तेही विचाराल का? तशा सेंटरला मराठी येणारी माणसं हवीच असतात.

ट्रस्टलाइनचा फॉर्म भरताना काही अडलं तर इथेच खाली विचारा, मी बघते.