इलेक्ट्रिकल डिझाइन फर्ममध्ये उन्हाळी इंटर्नशिपला जाताना

इंटर्नशिप मिळाली हे ऐकून फार आनंद झाला. पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअरच्या मागे धावू नकोस, ऑटोकॅड हळूहळू हाताला बसतं. आधी ऑफिसमधल्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टचा सिंगल लाइन डायग्राम (वीजपुरवठ्याचा एकेरी रेषांनी काढलेला नकाशा) मागून घे आणि ट्रान्सफॉर्मरपासून शेवटच्या डीबीपर्यंत (डिस्ट्रिब्युशन बोर्डापर्यंत) बोट ठेवत वाच. प्रत्येक ब्रेकरपाशी थांबून सीनिअरना विचार, हे रेटिंग, म्हणजे अँपिअरचा आकडा, कुठून आलं?

केबल साइझिंग, म्हणजे कुठे किती जाड केबल लागेल ते ठरवणं, मात्र मन लावून शिक. आपल्याकडच्या कॅटलॉगमध्ये हवेतल्या (जमिनीत न पुरलेल्या) केबलला झेपणारा करंट साधारणपणे ४० अंश तापमान धरून दिलेला असतो. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो. हिंगणा एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडखाली तर ५० धरलेले बरे. पीव्हीसी इन्सुलेशनच्या केबलचा कंडक्टर (आतली तार) ७० अंशांपर्यंतच चालतो, म्हणून ५० अंशांना तिची क्षमता सुमारे ०.८२ पट उरते. कॅटलॉगमधली १०० अँपिअरची केबल इथे ८२ ची! एक्सएलपीई इन्सुलेशनची केबल ९० अंश सोसते, तिथे हाच आकडा ०.९ च्या जवळ राहतो. हे गणित एक्सेलआधी वहीत कर. मग व्होल्टेज ड्रॉप (केबलमध्येच घटणारं व्होल्टेज) तपास; लांब फीडरचा (पुरवठ्याच्या मुख्य केबलचा) साइझ बऱ्याचदा त्यावरच ठरतो.

अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक चाळून ठेव.

साइटवर जायला मिळालं तर ऊन आहे म्हणून टाळू नकोस. ड्रॉइंगमधला केबल ट्रे बीमला आडवा येतो, हे तिथेच कळतं. आणि नुसतं ट्रेसिंगच करून घेत असतील, तर सरांकडे एक लोड शेड्यूल (कुठे किती वीज लागेल त्याचा तक्ता) स्वतः करायला माग.