वाटीवरची गाठ

प्रश्न : माझे यजमान ४८ वर्षांचे आहेत, फरशी बसवतात. महिन्याभरापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढी मऊ गाठ आहे. चालताना त्रास नाही, पण गुडघा टेकला की कळ येते. त्यांना मधुमेह आहे. कोणी म्हणतं गुडघ्यात पाणी झालंय, वाटी बदलावी लागेल. कोणी म्हणतं गरम वाळूने शेका. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, माझे वडील गवंडी होते. त्यांच्या वाटीवरही अशीच गाठ होती, आणि आम्ही ती कामाची खूणच समजायचो. त्यांना वेळीच कोणी समजावून सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सविस्तर सांगतो.

वर्णनावरून हा बर्सायटिस वाटतो. वाटी आणि कातडी यांच्यामध्ये बर्सा नावाची पातळ पिशवी असते. तिच्यात जेमतेम ओलाव्याइतका द्रव असतो, त्यामुळे कातडी हाडावरून अलगद सरकते. रोज तासन्‌तास टणक जमिनीवर गुडघा टेकला की ही पिशवी सुजते, भरते. म्हणजे पाणी झालंय खरं, पण सांध्याच्या बाहेर. सांध्यात झालं असतं तर सूज वाटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना पसरली असती, गुडघा वाकवणं जड गेलं असतं. वाटी बदलायची भीती मनातून काढून टाका.

वाळूचा शेक नको, मालिशही नको. फडक्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा धरा. दुखण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नका. मधुमेहात आधी मूत्रपिंडाची तपासणी हवी.

याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, हे मात्र आग्रहाने सांगतो. कातडी खरचटली तर तिथून जंतू पिशवीत शिरतात, आणि मधुमेहात तो धोका जास्त. गाठ लाल, गरम झाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी जा. सुईने पाणी काढून त्यात जंतू आहेत का, आणि गाउट नावाच्या सांधेदुखीत साठणारे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक आहेत का, हे तपासतात. जंतू असतील तर अँटिबायोटिक लागतं. जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाल्याशिवाय स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. त्याने काही दिवस साखरही वाढते. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

खरा उपाय म्हणजे काही आठवडे गुडघा न टेकणं. रोजंदारीवर ते किती कठीण आहे, हे मी घरात पाहिलंय. मुकादमाशी बोलून तोवर फरशी कापायचं, माल कालवायचं काम मागून घ्या. पुढे पट्ट्याने बांधायचे जाड नी-पॅड दोन्ही गुडघ्यांना हवेत. वडील पोत्याची घडी घ्यायचे. ती सरकायची आणि वाळूचे खडे नेमके गुडघ्याखाली यायचे.