क्लब नेमका कोणाचा? फुटबॉलप्रेमींची प्रश्नोत्तरे

बायर्न म्युनिकचे मालक त्यांचे समर्थकच आहेत म्हणे. मग मलाही होता येईल का? (एक वाचक, नाशिक)

सभासद जरूर होता येईल. शेअर मिळणार नाहीत, मत मिळेल. आपल्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा आठवा: एक सभासद, एक मत. 1998 पासून जर्मनीत क्लबना व्यावसायिक संघाची कंपनी करता येते, पण त्या कंपनीतली निम्मी मतं आणि वर एक, एवढी सभासदांच्या मूळ क्लबकडे राहावी लागतात. हाच तो '50+1' नियम. बायर्नच्या कंपनीत क्लबचा वाटा 75 टक्के, बाकीचा आदिदास, आउडी आणि अलियांझचा. मत द्यायला सभेला जातीनं हजर राहावं लागतं, तेव्हा विमानाचं तिकीट धरूनच हिशोब करा.

आणि सभा म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये कतार एअरवेजच्या प्रायोजकत्वाविरुद्धचा ठराव मतदानाला घेतलाच नाही, तेव्हा हॉल शिट्ट्यांनी दणाणला होता. 2023 मध्ये मुदत संपल्यावर तो करार पुढे वाढला नाही.

गेल्या वर्षी जुने सामने बघत होतो. जर्मनीत प्रेक्षक मैदानात टेनिस बॉल का फेकत होते? (पुणे)

माझा सगळ्यात आवडता किस्सा! डिसेंबर 2023 मध्ये जर्मन लीगच्या वरच्या दोन विभागांतल्या 36 क्लबनी प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला 8 टक्के वाटा 20 वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं. दोन तृतीयांश, म्हणजे 24 मतं हवी होती. पडली नेमकी 24. हॅनोव्हरच्या सभासद-क्लबनं आपले प्रतिनिधी मार्टिन किंड यांना 'नाही' म्हणायला सांगितलं होतं. मतदान गुप्त. पण कोणकोणते क्लब विरोधात होते याची बेरीज बाहेर आली, त्यात हॅनोव्हर बसेना, आणि बोटं किंड यांच्याकडे वळली. त्यांनी आपलं मत सांगितलं नाही.

मग या सौद्याच्या निषेधात सुरू झाली बॉलफेक. पिवळे बॉल, चॉकलेटची नाणी, एकदा तर रिमोटवरच्या छोट्या गाड्या. खेळाडू ओणवे होऊन बॉल वेचतायत, रेफ्री घड्याळ बघतोय. बर्लिनमधला हेर्था-हॅम्बुर्ग सामना अर्ध्या तासाहून जास्त वेळ थांबला होता. 21 फेब्रुवारी 2024 ला लीगनं प्रस्ताव गुंडाळला.

बार्सिलोनाही सभासदांचाच, मग एवढं कर्ज कसं? (ठाणे)

मतदार चुकतात, उमेदवार स्वप्नं विकतात. निवडणूक झाली म्हणून ताळेबंद आपोआप जुळत नाही. पण 2020 मध्ये अविश्वास ठरावासाठी 20 हजारांवर सह्या जमल्या आणि अध्यक्ष बार्तोमेऊंना पायउतार व्हावं लागलं. खासगी मालकाला असं घरी पाठवता येत नाही.

मालकानं क्लबच दुसऱ्या गावी हलवला तर? (कोल्हापूर)

हे घडलंय. मे 2002 मध्ये इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या तिघांच्या समितीनं 2-1 अशा मतांनी लंडनच्या विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्सला जायची परवानगी दिली. समर्थकांनी काही आठवड्यांत स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला आणि खेळाडू निवडले विम्बल्डन कॉमनच्या हिरवळीवर, कोणीही या म्हणून. नऊ हंगामांत, 2011 ला, क्लब इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचला. 2020 मध्ये मैदानाच्या बांधकामाला पैसे कमी पडले तेव्हा रोखे काढून 50 लाख पौंडांहून जास्त उभे केले, आणि त्याच वर्षी संघ विम्बल्डनमधल्या प्लॉ लेनला परतला.

भारतात असं काही? (पणजी)

या गोष्टीचा शेवट तुमच्या गावाजवळच झाला. 2020 मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानच्या फुटबॉल संघाचा 80 टक्के वाटा एका उद्योगसमूहाकडे गेला आणि नावाच्या आधी त्या समूहाच्या जुन्या क्लबचं 'एटीके' चिकटलं. समर्थक तीन हंगाम 'एटीके काढा' म्हणत राहिले. मार्च 2023 मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यावर इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकली त्याच रात्री मालकांनी ते काढत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याऐवजी स्वतःचं 'सुपर जायंट' लावलं. सभासद मतदान करतात ते जुन्या क्लबच्या कार्यकारिणीसाठी. संघाच्या कंपनीत त्या क्लबचा वाटा 20 टक्के.