वाचकांचे प्रश्न : नाटकाचा प्रकाश आधी संगणकावर

प्रश्न : आमच्या हौशी संस्थेचं नाटक हुतात्मा स्मृती मंदिरात आहे. लाईट लावायला जेमतेम दोन तास मिळतात. आमचे आठ एलईडी पार (रंग बदलणारे दिवे) आणि तिथले हॅलोजन स्पॉट कसे दिसतील, हे घरी आधी पाहता येईल का? महागडं सॉफ्टवेअर परवडणार नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : येईल, तेही फुकट. त्रिमितीय चित्रं करणारं ब्लेंडर, त्याला जोडायचं मंचावरचे दिवे दाखवणारं ब्लेंडर-डीएमएक्स हे ॲड-ऑन आणि लाईट चालवायला क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर, एवढं पुरतं.

आधी सभागृहात टेप घेऊन जा. मंचाची रुंदी-खोली, प्रत्येक बारची (दिवे टांगायच्या आडव्या पाइपची) उंची, मंचाच्या पडद्यापासून त्याचं अंतर लिहून घ्या. प्रेक्षागृहातल्या बारचं माप हमखास राहून जातं, आणि चेहऱ्यावरचा उजेड तर तिथूनच येतो.

पारची जीडीटीएफ फाइल (सॉफ्टवेअरला दिव्याची माहिती देणारी) जीडीटीएफ-शेअर या संकेतस्थळावर शोधा. नेमकी न मिळाल्यास त्याच चॅनेल-क्रमाची दुसरी चालेल; चॅनेल म्हणजे दिव्याचा डिमर (उजेड कमी-जास्त करणारा), लाल, हिरवा असं एकेक नियंत्रण. सात चॅनेलच्या मोडमध्ये आठ पारचे पत्ते, म्हणजे प्रत्येकाच्या पहिल्या चॅनेलचे आकडे, 1, 8, 15 असे 50 पर्यंत जातात. सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो : फाइलमध्ये सात चॅनेल आणि पारच्या मागच्या डिस्प्लेवर चार. मग डिमर उचलावा तर लाल पेटतो. घरातून निघण्याआधी आठही पार उलटे करून मोड तपासाच.

दोन्ही सॉफ्टवेअर एकाच संगणकावर असतील तर आर्ट-नेट (नेटवर्कवरून दिव्यांचे आदेश पाठवायची पद्धत) 127.0.0.1 वर, म्हणजे त्याच संगणकाच्या पत्त्यावर जोडा. संगणकाच्या पडद्यावर काहीच पेटलं नाही, तर युनिव्हर्सचा (चॅनेलच्या गटाचा) आकडा बघा. आर्ट-नेटची मोजणी 0 पासून असते, क्यूएलसी प्लस मात्र पहिल्याला 1 म्हणतं.

प्रश्न : संगणकाच्या पडद्यावर सुरेख दिसलेले झोत मंचावर दिसतच नाहीत. असं का?

उत्तर : सॉफ्टवेअर हवेत धूर धरून चालतं. तुमच्याकडे हेझर (विरळ धूर सोडणारं यंत्र) नसेल तर व्हॉल्यूम, म्हणजे हवेतले झोत दाखवणारी सोय, बंद करून बघा. उरेल तेवढंच प्रेक्षकांना दिसणार. अंतराचाही फरक मोठा : 4 मीटरवरचा दिवा 8 मीटरवर नेला की उजेड चौथाई होतो. शिवाय हॅलोजन डिमरवर उतरवला की पिवळा-तांबूस होतो. संगणकावर तो बहुधा आहे त्याच रंगाचा राहतो. म्हणून संध्याकाळचे प्रसंग घरी पक्के करू नका, नटाला मंचावर उभं करूनच त्यांची पातळी ठरवा.