सिरॅमिकचा बार्बेक्यू घ्यावा का?

प्रश्न : आमच्याकडील कोळशाचा बार्बेक्यू पातळ पत्र्याचा असून त्याचा तळ गंजून त्याला भोके पडली आहेत. त्याच्या जागी अंड्याच्या आकाराचा, जाड सिरॅमिकचा बार्बेक्यू घेण्याचा विचार आहे. परंतु त्याची किंमत चांगल्या पोलादी बार्बेक्यूच्या कित्येक पट आहे. तो आयुष्यभर टिकतो, त्याला कोळसा निम्माच लागतो आणि त्यात मांस कोरडे पडत नाही, असे विक्रेता सांगतो. आम्ही पंधरवड्यातून एकदा चार-पाच माणसांपुरते भाजतो. एवढा खर्च करणे योग्य ठरेल का?

उत्तर : विक्रेत्याच्या तिन्ही विधानांत तथ्य आहे, पण त्यांतले एकही आपला निर्णय ठरवू शकत नाही. निर्णय ठरतो तो आपली आग एका वेळी किती तास चालते यावर, आणि नेमकी तीच गोष्ट आपण पत्रात लिहिलेली नाही.

हा बार्बेक्यू मुळात जपानी आहे. भात शिजवण्यासाठी तेथे वापरात असलेल्या मातीच्या झाकणबंद चुली दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी मायदेशी नेल्या. त्या मातीला उष्णतेने तडे जात, म्हणून पुढे अधिक टिकाऊ सिरॅमिक वापरले जाऊ लागले. १९७४ साली अटलांटात सुरू झालेल्या ‘बिग ग्रीन एग’ या कंपनीमुळे हा प्रकार सर्वत्र पोहोचला. ‘कामाडो’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सर्व बार्बेक्यूंची रचना साधारण सारखीच असते : जाड भिंती, घट्ट बसणारे झाकण, खाली हवा आत येण्याची झडप आणि वर धूर बाहेर जाण्याची दुसरी झडप.

जाड भिंती उष्णता शोषून घेतात आणि बाहेर फारशी जाऊ देत नाहीत. त्यामुळे आतले तापमान टिकवायला थोडीच आग पुरते, आणि थोड्या आगीला हवाही थोडीच लागते. झडपा बोटभर उघड्या ठेवल्या तरी ११० ते १२० अंश सेल्सिअस तापमान तासन्‌तास स्थिर राहते. एकदा भरलेल्या कोळशावर ते १२ तासांहूनही अधिक काळ टिकू शकते. आतून वाहणारी हवा कमी असल्याने पदार्थातील ओलावाही कमी उडतो, म्हणून मांस कोरडे पडत नाही हे खरे आहे. मात्र हा फरक मोठा तुकडा कित्येक तास मंद आचेवर ठेवला तरच जाणवतो. दहा मिनिटांत भाजून होणाऱ्या पातळ तुकड्यांच्या बाबतीत भिंत सिरॅमिकची आहे की पत्र्याची, हे खाणाऱ्याला ओळखता येणार नाही. याच भिंतींचा उपयोग दुसऱ्या टोकालाही होतो. झडपा पूर्ण उघडल्या की तापमान ३०० अंशांच्या वर जाते आणि घुमटाची उष्णता वरून परावर्तित होत असल्याने पिझ्झा किंवा पाव उत्तम भाजला जातो.

कोळशाची बचतही खरी आहे. काम संपल्यावर दोन्ही झडपा बंद केल्या की आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. पण पंधरवड्यातून एकदा पेटणाऱ्या शेगडीत ही बचत मुळातच लहान असते. तिच्यातून किमतीतला फरक भरून निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. शिवाय घट्ट झाकणाच्या चांगल्या पोलादी बार्बेक्यूतही झडपा बंद करून कोळसा वाचवता येतो.

टिकाऊपणाचे विधान अधिक तपासून घ्यावे लागते. सिरॅमिक गंजत नाही, पण बिजागरी, पट्टे आणि बोल्ट गंजू शकतात. झाकण घट्ट बसावे म्हणून कडेला लावलेली पट्टी, म्हणजे गॅस्केट, झिजते आणि काही वर्षांनी बदलावी लागते. सिरॅमिक पडले की फुटते, आणि बहुतेक हमीपत्रांत पडून झालेले नुकसान धरलेले नसते. ४६ सेंटिमीटर व्यासाच्या जाळीचा असा बार्बेक्यू साधारण ७० ते १०० किलो वजनाचा असतो, त्यामुळे तो वरचेवर हलवावा लागणार असेल तर येथेच थांबलेले बरे. आणि आपल्या जुन्या पत्र्याला भोके पडली, त्यात पत्रा पातळ असण्याइतकाच दोष बहुधा आत साचू दिलेल्या राखेचा असावा. राख ओलावा धरून ठेवते आणि पत्रा खालून खाल्ला जातो. राख वेळच्या वेळी काढली आणि वर आच्छादन घातले, तर जाड इनॅमलचा पोलादी बार्बेक्यूही अनेक वर्षे चालतो.

विक्रेता सहसा सांगत नाही ती अडचण वेगळीच आहे. ज्या भिंती उष्णता धरून ठेवतात त्या ती सहजासहजी सोडतही नाहीत. तापमान चुकून ५० अंशांनी वर गेले, तर ते खाली येण्यास बराच वेळ जातो. म्हणून ते सावकाश वर नेण्याची आणि हवे त्या आकड्याच्या थोडे आधीच झडपा आवळण्याची सवय करावी लागते. स्वयंपाक संपल्यावरही भांडे कित्येक तास गरम राहते, आणि घरात लहान मुले असतील तर याचा विचार अवश्य व्हावा. जागेचाही प्रश्न आहे. ४६ सेंटिमीटर व्यासाच्या जाळीवर सुमारे १,६६० चौरस सेंटिमीटर जागा मिळते, तर ५७ सेंटिमीटरच्या सर्वसाधारण गोल पोलादी बार्बेक्यूत ती सुमारे २,३०० असते. त्यातच कोळसा एका बाजूला सारून अर्धी जाळी प्रखर आणि अर्धी मंद ठेवणे सिरॅमिकच्या अरुंद पोटात अवघड जाते.

तेव्हा मागील वर्ष आठवून पाहावे. ज्या दिवशी आग दोन तासांहून अधिक चालवावी लागली, किंवा चालवावीशी वाटूनही जमले नाही, असे दिवस अनेक असतील तर सिरॅमिक घ्यावे. या कामासाठी त्याच्याइतके निवांत साधन क्वचितच मिळते. परंतु आपल्या पत्रातील वर्णनावरून आपले भाजणे मुख्यतः झटपट होणारे दिसते. तसे असल्यास माझे मत स्पष्ट आहे : जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा गोल पोलादी बार्बेक्यू घ्यावा. मन दोन्हीकडे ओढ घेत असेल, तर दुहेरी भिंतीचे, मध्ये उष्णतारोधक थर असलेले पोलादी प्रकारही मिळतात. ते वजनाने हलके असतात आणि पडल्यास फुटत नाहीत. सिरॅमिकच घ्यायचे ठरले, तर कोळसा व जाळी यांच्यामध्ये बसून थेट उष्णता अडवणारी तबकडी आणि बार्बेक्यू उभा ठेवण्याची चौकट किमतीत धरली आहे का, हे आधी विचारावे. तबकडीशिवाय मंद आचेचा स्वयंपाक होत नाही, आणि अनेकदा ती वेगळी विकत घ्यावी लागते.

प्रश्न : वापरलेला सिरॅमिक बार्बेक्यू कमी किमतीत मिळत आहे, परंतु आतील कोळशाच्या भांड्याला चीर गेली आहे. घ्यावा का?

उत्तर : आतील भांड्याची चीर फारशी गंभीर नसते. तुकडे जागेवर बसत असतील तर ते भांडे बरेच दिवस काम देते आणि त्याचा सुटा भागही सहसा मिळतो. बाहेरील कवच किंवा घुमट यांना आरपार चीर असेल, तर मात्र नाद सोडावा. झाकण बंद करून कडेने कागदाची पट्टी ओढून पाहावी. ती सहज निसटत असेल तर गॅस्केट बदलण्याचा किंवा झाकण पुन्हा बसवण्याचा खर्च धरावा. पूर्वी पेटवण्यासाठी पेट्रोलजन्य द्रव वापरला गेला असल्यास सिरॅमिक तो शोषून घेते आणि वास पुढे कित्येक वेळा येत राहतो, तेव्हा एकदा नाक आत घालून पाहण्यात संकोच करू नये. हमी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते, हेही ध्यानात घ्यावे.

प्रश्न : सिरॅमिक बार्बेक्यूचे झाकण उघडताना अचानक ज्वाळा बाहेर आली. बार्बेक्यूत दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. झडपा आवळलेल्या असताना आतील आग हवेसाठी आसुसलेली असते. झाकण एकदम उघडले की हवा आत शिरते आणि साचलेले वायू पेट घेतात. झाकण आधी दोन बोटे उचलून काही क्षण तसेच धरावे, हवा आत जाऊ द्यावी आणि मगच पूर्ण उघडावे. वापरताना उष्णतारोधक हातमोजा घालावा आणि चेहरा दूर ठेवावा. आग विझवण्यासाठी पाणी ओतू नये, कारण तापलेल्या सिरॅमिकला त्याने तडा जाऊ शकतो. बार्बेक्यू बंद जागेत कधीही पेटवू नये. झडपा बंद करून विझत ठेवलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत राहतो, आणि त्या वायूला रंग नसतो की वास.