एकच खमका नेता असला की देश सुधारतो, मग लोकशाहीची कटकट कशाला?

पंचवटीत मिसळ खाताना शेजारच्या टेबलवर पण हेच ऐकू येतं, राग खरा असतो लोकांचा. पण हंगेरी बघा, तिथले नेते व्हिक्टर ऑर्बान 2010 ला मतं मिळवूनच सत्तेवर आले, दोन तृतीयांश बहुमत, वर्षभरात नवीन राज्यघटनाच मंजूर करून घेतली, मग कोर्ट, मीडिया, निवडणुकीचे नियम सगळं हळूहळू सोयीचं, रणगाडा वगैरे काही लागलाच नाही. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत हेच बजावलेलं की राजकारणातली भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते. अहो, 1930 ला आपल्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह उभा केला त्यांनी, त्यांचं तरी ऐका! आणीबाणीत आपल्या नाशिकरोड जेलमध्ये पण मिसा कायद्याखाली पकडलेले लोक होते, विनाचौकशी. 1977 ला मत द्यायची सोय शिल्लक होती म्हणून ते सरकार बदलता आलं.