एनआयआरए रद्द झाला, मग पीडब्ल्यूए कशी चालू राहिली?

“1935 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एनआयआरए (मंदीतले उद्योग सावरायचा कायदा) रद्द केला, मग त्याच कायद्यातली पीडब्ल्यूए (सार्वजनिक बांधकामं करणारी सरकारी संस्था) नंतरही पूल-धरणं कशी बांधत होती, माझी तारीख चुकतेय का?” हा तुमचा प्रश्न वाचून हसू आलं आणि जुना रागही वर आला, एमएच्या सिनॉप्सिसला (प्रबंधाच्या आराखड्याला) मी अगदी इथेच अडकलो होतो.

तारीख बरोबर आहे. 1930 च्या दशकातली अमेरिकेची महामंदी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, त्यांच्या कारकिर्दीचे पहिले शंभर दिवस हे तुम्हाला माहीतच असणार, सोडून देतो. जून 1933 च्या त्या कायद्याचे मुख्य भाग दोन. पहिल्यात धंद्यांसाठी कोड, म्हणजे नियमावल्या (किमान मजुरी, कामाचे तास वगैरे), दुसऱ्यात सार्वजनिक कामांसाठी 330 कोटी डॉलर. ज्या केसमध्ये 1935 चा निकाल आला, ती ब्रुकलिनच्या शेक्टर बंधूंची केस कोंबड्यांची होती, कोडप्रमाणे गिऱ्हाइकाला खुराड्यातून हवी ती कोंबडी निवडू द्यायची नाही, हाताला येईल ती घ्यायची. कोर्टाने उडवला तो हा कोडचा भाग. कामांचा भाग शाबूत राहिला, म्हणून पीडब्ल्यूए 1943 पर्यंत चालली.

एवढंच होतं हो! पण आमच्या सेंटरच्या ऑफिसात (नाव घेत नाही) एक छापील तक्ता होता, रूझवेल्टच्या योजनांचे रिलीफ-रिकव्हरी-रिफॉर्म (मदत, सावरणं, सुधारणा) असे तीन रकाने, आणि एनआयआरएपुढे “1935 रद्द”. माझ्या सिनॉप्सिसमध्ये 1938 ची पीडब्ल्यूए दिसली की लाल पेनने गोल. मूळ कायद्याची प्रिंट दाखवली तर “नोट्सप्रमाणे करा”, सरांकडे गेलो तर “ऑफिसात विचारा”. त्या टोलवाटोलवीत सबमिशनची मुदत गेली.

माझं मत, पटलं तर घ्या: ते तीन रकाने फेकून द्या. सीसीसी (बेरोजगार तरुणांना जंगल-जमिनीच्या कामावर घेणारी योजना) कुठल्या रकान्यात टाकाल? पोराला महिन्याला 30 डॉलर, त्यातले 25 घरी जायचे, ही झाली मदत, पण तोच पोरगा झाडं लावतोय, जमिनीची धूप थांबवतोय. त्यापेक्षा पैसा कोणाच्या हातात पडला ते बघा. एएएने (शेतमालाचे भाव सावरायच्या योजनेने) कापूस कमी पिकवायचे पैसे दिले, ते आधी जमीनमालकाकडे, वाटेकऱ्याला कित्येक ठिकाणी काही मिळालंच नाही, वर कसायची जमीनही सुटली. 1935 च्या सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनमधून शेतमजूर आणि घरकामवाल्या बाहेरच.

जाता जाता, डब्ल्यूपीए (बेरोजगारांना सरकारी काम देणारी संस्था) वेगळी, ती 1935 ची, हॅरी हॉपकिन्सच्या हाताखालची, पीडब्ल्यूए हॅरल्ड इकीजच्या. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) रोजगार हमीशी तुलना विचारू शकतात. आपला महाराष्ट्राचा 1977 चा कायदा कामाचा हक्क देतो, डब्ल्यूपीएत तसा हक्क नव्हता, इतकं सांगितलं तरी पुरे.

मी काही प्राध्यापक नाही, तुमचे गाईड वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका. फक्त सिनॉप्सिसवरचे शेरे ईमेलवर मागून घ्या, तोंडी नको.